पाटी बदलायच्या आधी पोरांना विचारा

सांगलीहून मिरजेकडं निघालं की विश्रामबागला विलिंग्डन कॉलेज लागतं. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने काढलेलं, शंभरी कधीच उलटून गेली. आमच्या भागातल्या तीन-चार पिढ्या तिथं शिकल्या, कोण प्राध्यापक झाले, कोण बँकेत लागले, कोण शेती बघत बघत पुढारी झाले, आणि अजूनही 'आपण विलिंग्डनचे' हे सगळे अभिमानाने सांगतात. पण तो विलिंग्डन नेमका कोण होता हे विचारलं की 'कुणीतरी इंग्रज साहेब' याच्या पुढं बहुतेकांची गाडी जात नाही.

हे आत्ता लिहावंसं वाटलं कारण नावं बदलायची लाट आलीये. २०२५ च्या जुलैत इस्लामपूरचं ईश्वरपूर करायचं सरकारने जाहीर केलं, त्याच वर्षी मार्चमध्ये शिवाजी विद्यापीठाच्या नावाचा विस्तार करा म्हणून कोल्हापुरात मोर्चा निघाला, आणि आता चहाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत प्रत्येकाकडं एक यादी तयार आहे, ही शाळा ह्याच्या नावाची कशी, ते कॉलेज त्याच्या नावाचं कसं, काढून टाका. मी हायस्कूलला शिकवतो. शाळेचं नाव कुठंकुठं जातं आणि पोराला कसं चिकटतं हे मला रोज बघायला मिळतं, त्यामुळं माझं मत असं झालंय की ही सगळी चर्चा चुकीच्या टोकाकडनं चाललीये. आपण बघतोय ते ज्याचं नाव आहे त्या मेलेल्या माणसाकडं, तो चांगला का वाईट, देशभक्त का गद्दार. बघायला पाहिजे ते नाव वागवणाऱ्या पोराकडं.

आधी विलिंग्डनचंच घेऊ, ते आपल्या दारातलं आहे. हा लॉर्ड विलिंग्डन १९१३ ते १९१८ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. पहिलं महायुद्ध चालू, सरकारला माणसं पाहिजे होती, पैसा पाहिजे होता, म्हणून जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलात युद्धपरिषद बोलावली, टिळकांनाही आमंत्रण गेलं. टिळक बोलायला उभे राहिले, मदतीच्या गोष्टीबरोबर स्वराज्याचा विषय काढायला लागले, तसं अध्यक्षाच्या खुर्चीतनं विलिंग्डनने त्यांना मधेच थांबवलं, इथं राजकारणाची चर्चा चालणार नाही म्हणून. टिळक सभा सोडून निघून गेले. त्याच वर्षी डिसेंबरात विलिंग्डनची मुदत संपली आणि मुंबईतल्या काही बड्या मंडळींना त्याचं स्मारक करायची घाई झाली, तर जिनांनी त्याला एवढा कडाडून विरोध केला की लोकांनी वर्गणी काढून जिनांच्याच नावाचा हॉल बांधला. हे सगळं ताजं असताना, वर्षाच्या आतबाहेर, सांगलीच्या नव्या कॉलेजला नाव लागलं ते विलिंग्डनचं. आणि लावणारी संस्था कोणती, तर जिच्या १८८४ च्या स्थापनेत स्वतः टिळक होते ती. टिळक १८९० लाच तिथून बाहेर पडले होते हे खरं, पण तरी वाचताना जीव तुटतो.

पुढं हाच माणूस १९३१ ला व्हाइसरॉय होऊन परत आला. जानेवारी १९३२ मध्ये त्याच्या सरकारने गांधीजींना उचललं, काँग्रेस बेकायदा ठरवली, हजारो लोक तुरुंगात घातले. आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, मुंबईतले मोठे क्लब हिंदी माणसाला दारात उभं करत नव्हते त्या काळात हिंदी आणि इंग्रज दोघांनाही बरोबरीने मेंबर होता येईल असा क्लब ह्याच विलिंग्डनने काढला आणि तो अजून त्याच्या नावाने चालतो. माणसं अशीच असतात, एका रकान्यात बसत नाहीत.

दिल्लीने विलिंग्डन पुसून टाकला. विलिंग्डन हॉस्पिटलचं राममनोहर लोहिया हॉस्पिटल झालं (लोहिया १९६७ ला तिथंच गेले, त्यामुळं त्या नावाला त्या जागेशी नातं आहे), विलिंग्डन एअरफील्डचं सफदरजंग झालं, लेडी विलिंग्डन पार्कची लोदी गार्डन झाली. मग सांगलीनेच का ठेवायचं, हा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे, आणि विचारणाऱ्याला वेड्यात काढायचं काही कारण नाही. हा प्रतिसरकारचा मुलूख आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे तिरंगा घेऊन पडले. अशा मातीत व्हाइसरॉयचं नाव कशाला, असं एखाद्याला आतनं वाटत असेल तर मला ते कळतं.

तरीही माझं मत आहे की विलिंग्डनचं नाव राहू द्यावं. कारण आज त्या कॉलेजच्या आयकार्डवर ते नाव बघून कुठल्या पोराची मान खाली जात नाही. आटपाडीचं, जतचं, कवठेमहांकाळचं पोरगं एसटीने येतं, विलिंग्डनला शिकतं, त्याच्या लेखी ते नाव त्या साहेबाचं उरलेलंच नाही, ते त्याच्या सरांचं आहे, त्याच्या लायब्ररीचं आहे, त्याच्या बापाने तिथंच डिग्री घेतली त्याचं आहे. शंभर वर्षांत आपल्या लोकांनी ते नाव साहेबाकडनं काढून घेतलंय. पण राहू द्या म्हणजे गप्प बसा असं नाही. अकरावीला किंवा एफवायला पोरगं आलं की पहिल्या आठवड्यातच त्याला हे सगळं सांगितलं पाहिजे, टाऊन हॉलातली ती सभा, १९३२ ची धरपकड, आणि त्या काळात सरकारी मर्जीशिवाय कॉलेज काढणं आणि चालवणं किती अवघड होतं हेही. मराठीत, मोठ्या अक्षरात, गेटच्या आत एक दगड बसवून लिहा. पाटी काढली तर ही गोष्ट सांगायचं निमित्तच संपतं.

हे जमतं हे साताऱ्याने दाखवलंय. राजवाड्यातलं प्रतापसिंह हायस्कूल बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथं भिवा रामजी आंबेडकर नावाचा मुलगा पहिली इंग्रजीत दाखल झाला, रजिस्टरला त्याचा नंबर १९१४, ते पान अजून जपून ठेवलेलं आहे. तेव्हा ती सरकारी हायस्कूल म्हणून ओळखली जायची, प्रतापसिंह महाराजांचं नाव नंतरचं. साताऱ्यातल्या त्या दिवसांत ह्या मुलाला इतर पोरांपासनं वेगळं बसायला लागायचं, गोणपाट घरनं न्यायला लागायचं. शाळेच्या इतिहासात ही लाजही आहे आणि तो मानही आहे. प्रतापसिंहांचं नाव स्वतःच्या जागी आहे, त्यांना १८३९ ला इंग्रजांनी गादीवरनं काढून काशीला पाठवलं, त्या राजाचा मान ठेवणं बरोबरच आहे. आणि नाव न बदलताही २०१७ पासनं ७ नोव्हेंबर हा राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पाटीवर एकाच माणसाचं नाव मावतं, म्हणून बाकीचा इतिहास विसरायचा असं कुठं लिहिलंय.

आता माणूस चांगला का वाईट ह्याच कसोटीवर जायचं म्हटलं तर काय होतं ते बघा. टिळकांच्या नावाच्या शाळा गावोगाव आहेत, त्यात मुली शिकतात. टिळकांनी मुलींच्या इंग्रजी वळणाच्या शिक्षणाला विरोध केला होता, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला होता, हे कुणी लपवलेलं नाही. मग काढायचं का टिळकांचं नाव? मी काढणार नाही, कारण ते नाव दिलं गेलं ते स्वराज्यासाठी, मुलींना घरात बसवण्यासाठी दिलं गेलं नाही. पण माझ्या नववीच्या मुलींना मी दोन्ही सांगतो आणि त्या ऐकतात, वाद घालतात, एकीने तर सरळ विचारलं की सर मग आगरकरांच्या नावाच्या शाळा इतक्या कमी का. असा प्रश्न पडणं हे मला पाटी रंगवण्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

अमेरिकेत हा खेळ होऊन गेलाय, त्यातनं शिकण्यासारखं आहे. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने सहा विरुद्ध एक मतांनी ४४ शाळांची नावं बदलायचं ठरवलं, त्यात वॉशिंग्टन होते, गुलामगिरी संपवणारे लिंकनसुद्धा होते. कारणं शोधताना इतिहासकारांना धड विचारलंही नव्हतं, पॉल रिव्हिअर नावाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या माणसावर आरोप ठेवला की त्याची मोहीम मूळ रहिवाशांची जमीन बळकवायला होती, प्रत्यक्षात ती इंग्रजांविरुद्धची मोहीम निघाली. आणि हे सगळं कधी, तर करोनामुळं शाळा बंद होत्या तेव्हा. आईबाप विचारत होते शाळा कधी उघडणार आणि मंडळ पाट्या बदलत बसलेलं. एप्रिलमध्ये निर्णय मागं घ्यावा लागला, पुढच्या फेब्रुवारीत मंडळातल्या तिघांना लोकांनी मतदान करून घरी पाठवलं.

पण म्हणून 'बघा, नावं बदलणारे मूर्ख' एवढाच धडा घेणं मला पटत नाही. त्याच देशात व्हर्जिनियात एक शाळा स्टोनवॉल जॅक्सनच्या नावाची होती, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूचा हा सेनापती. १९५४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने काळ्या आणि गोऱ्या पोरांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, आणि त्यानंतरच्या वर्षांत दक्षिणेतल्या कितीतरी शाळांना मुद्दाम अशी नावं लागली, येणाऱ्या काळ्या पोराला दारातच कळावं की ही जागा तुझी नाही. २०२० ला त्या शाळेचं नाव बदललं, मे २०२४ मध्ये नव्या मंडळाने परत जुनं लावलं. तिथल्या काळ्या पोराने ते नाव छातीवर घालून मैदानात उतरायचं. इथं मी म्हणेन, बदला, आजच्या आज बदला, कारण इथं नाव बाकावर बसलेल्या पोराला टोचतंय.

नाव टोचतं म्हणजे काय हे साताऱ्याला कुणी शिकवायला नको. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात २८५ मुलींची नावं बदलली गेली. त्या सगळ्यांचं नाव एकच होतं, नकुशा. तिसरी-चौथी मुलगी झाली की आपल्या भागात हे नाव ठेवायचे, आणि ती पोरगी ते हजेरीत, दाखल्यावर, मैत्रिणींच्या तोंडी आयुष्यभर ऐकायची. जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेतला, नव्या नावाची सर्टिफिकेटं दिली. आणि त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट मला ही वाटते की मुलींनी स्वतः नावं निवडली, कुणी हिरोइनचं घेतलं, कुणी देवीचं, कुणाला नुसतं वैशालीसारखं साधं नाव पाहिजे होतं. वरनं कुणी थोर व्यक्तींची यादी पाठवली नव्हती. जिला ते नाव वागवायचंय तिने ठरवलं. शाळांच्या बाबतीत मला हेच पाहिजे.

मग आपल्या दोन जिल्ह्यांत पोरांना टोचणारी शाळेची नावं आहेत का? आहेत, आणि ती कुठल्या लॉर्डची नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर कुणी मोर्चा काढत नाही. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांना बऱ्याचदा वस्तीचं नाव लागतं, आणि वस्तीचं नाव जातीचं असलं की शाळेलाही जात लागते. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये निर्णय घेतला की वस्त्यांची, रस्त्यांची जातिवाचक नावं काढायची आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावं द्यायची. निर्णय चांगला आहे. पण गावच्या कमानीवर नाव बदललं तरी शाळेचा शिक्का तोच, असे दाखले माझ्या हातात अजून येतात.

जूनमध्ये आमच्याकडं नवीन पोरं येतात तेव्हा ऑफिसात रांग लागते. क्लार्क दाखला हातात घेतो आणि कॉम्प्युटरवर भरता भरता मोठ्याने वाचतो, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, मागची शाळा. मागच्या शाळेचं नाव वाचलं की रांगेतल्या सगळ्या पोरांना आणि त्यांच्या पालकांना कळतं समोरचं पोर कुठल्या वस्तीतनं आलंय. एक मुलगी दाखल्याची घडी अशी घालून आली होती की शाळेच्या नावाची ओळ आतल्या बाजूला जावी, आणि क्लार्कने कागद सरळ केला तसं तिने आईकडं बघितलं. तेव्हापासनं मी क्लार्कला सांगून ठेवलंय, मागची शाळा मोठ्याने वाचायची नाही, यू-डायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी नंबर, टाकायचा आणि पुढं जायचं. पण हा काय इलाज झाला? ते नाव त्या मुलीच्या दाखल्यावर कायमचं राहणार. विलिंग्डनवर तासभर भांडणारे माझे मित्र आहेत, दोन्ही बाजूंचे, ह्या दाखल्यावर पाच मिनिटं बोलायला कुणी तयार नसतो.

बदल करायचा म्हटला की खर्च आणि कागदपत्रं पुढं करतात, ते थोडं खरंही आहे. संस्थेचा ठराव, खाजगी संस्था असेल तर धर्मादायकडं कागद, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, यू-डायसला दुरुस्ती, शिक्के, लेटरहेड, आणि हायस्कूल असेल तर बोर्डाकडंही. शिवाय जुन्या विद्यार्थ्यांच्या मार्कशीटवर जुनं नाव, नोकरीच्या पडताळणीला विचारणा येते की ही शाळा कुठली. म्हणूनच म्हणतो हा त्रास घ्यायचा तर जिथं पोराचं दुखणं खरं आहे तिथं घ्या.

दुसरी एक गोष्ट आहे जी बोलायला लोक कचरतात. जुनं नाव काढल्यावर मोकळ्या झालेल्या पाटीवर कोण चढतं? आपल्याकडं शाळा, कॉलेज, दूध संघ, कारखाना ही सगळी एका माळेतली आहेत हे सातारा-सांगलीत कुणाला समजावून सांगायला नको. नेत्याच्या वडिलांचं, आईचं, आजोबांचं नाव लागतं आणि कधीकधी नेता जिवंत असतानाच त्याचंच लागतं. वडूजला हुतात्मा परशुराम विद्यालय आहे, तसं नाव पाहिलं की ऊर भरून येतो, पण अशी नावं किती आणि साहेबांच्या घरातली किती हे आपापल्या तालुक्यात एकदा मोजून बघा. इतिहासातल्या वादग्रस्त माणसाला काढून आजच्या वादग्रस्त माणसाच्या बापाला बसवायचं असेल तर मला तो व्यवहार मान्य नाही.

कर्मवीर अण्णांची, म्हणजे भाऊराव पाटलांची, एक आठवण आमच्याकडं कायम सांगितली जाते. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, पैशाची ओढाताण होतीच, तेव्हा कुणीतरी मोठ्या देणगीची तयारी दाखवली, अट एकच, कॉलेजचं नाव बदला. अण्णांनी ती देणगी नाकारली, एकवेळ बापाचं नाव बदलीन पण महाराजांचं नाव बदलणार नाही अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले असं जुने लोक सांगतात. अण्णांना ते नाव बहुजनांच्या पोरांसाठी पाहिजे होतं, खेड्यातनं अनवाणी येणाऱ्या पोराने ते वाचून ताठ उभं राहावं म्हणून. देणगीदार कोण आणि त्याची पत काय हे त्यांनी बघितलं नाही.

आणि नावाने काही फरक पडत नाही, हे सगळं राजकारण आहे, असं म्हणणाऱ्यांनी मराठवाडा विद्यापीठ आठवावं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि गावंच्या गावं पेटली, दलितांची घरं जाळली, माणसं मारली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ती मागणी कुणा मंत्र्याच्या डोक्यातनं आली नव्हती, त्या विद्यापीठात शिकणाऱ्या आणि शिकू पाहणाऱ्या पोरांची होती, म्हणूनच ती सोळा वर्षं टिकली. फरक पडतो म्हणून तर लोक जीव देतात.

म्हणून ठरवायचं कुणी हा मला सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो. मोर्चाने ठरवू नये, मंत्रालयातनं पत्र येऊन ठरू नये, आणि शाळा-कॉलेज म्हणजे आपल्या घरचा माल समजणाऱ्या संचालक मंडळानेही एकट्याने ठरवू नये. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिलीये, त्यात पंचाहत्तर टक्के पालक असतात, बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरलीये, तिला हे काम द्या. हायस्कूल-कॉलेजला माजी विद्यार्थ्यांना बोलवा. आधी संस्थेचं जुनं प्रोसिडिंग बुक काढून पोरांसमोर वाचा, नाव कुणी सुचवलं, कशासाठी, विरोध झाला होता का. दोन महिने पोरांना त्याच्यावर बोलू द्या, भांडू द्या, लिहू द्या. मग मत घ्या. पोरं म्हणाली राहू दे तर राहू दे, म्हणाली बदला तर नवीन नावही त्यांनाच सुचवू द्या. उद्या विलिंग्डनच्याच पोरांनी असं सगळं वाचून, समजून घेऊन नाव नको म्हटलं तर माझं मत वेगळं असलं तरी मी त्यांच्या बाजूने उभा राहीन.

पण सुरुवात तिथनं नको. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदेने आपापल्या शाळांच्या यादीतली जातिवाचक नावं आधी वेगळी काढावी, प्रत्येक गावाला कळवावं, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यावा, त्या वस्तीतल्या आयाबापांना आणि चौथी-सातवीतल्या पोरांना नाव सुचवायला सांगावं, आणि यू-डायसची दुरुस्ती मार्चपर्यंत संपवावी, म्हणजे येत्या जूनच्या दाखल्यांवर नवीन शिक्का असेल.